बोनकोड्याच्या म्हात्र्यांचा अर्ज

माझं काम माणसं नेमण्याचं होतं, असं आमच्या घरात सगळे कौतुकाने सांगतात. ते खरं नाही. माझं काम माणसं गाळण्याचं होतं. तुर्भ्याच्या पट्ट्यातल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी टायपिस्ट म्हणून लागले आणि कार्मिक अधिकारी म्हणून निवृत्त झाले. मधली सगळी वर्षं एकच उद्योग केला. एका जागेसाठी टेबलभर अर्ज यायचे, त्यातले चार-पाच वर काढायचे आणि बाकीच्यांचा गठ्ठा करून त्यावर दोरी बांधायची. ज्यांना घेतलं ते अजून रस्त्यात भेटले की वाकून नमस्कार करतात. ज्यांना गाळलं ते मला ओळखत नाहीत, हे बरंच आहे म्हणायचं, नाहीतर जुईनगर स्टेशनबाहेर मला कुणी धड भाजी दिली नसती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नोकरी लागते ती मार्कांवर आणि वशिल्यावर. दोन्हींचा हात असतो, मी नाही म्हणत नाही. पण या दोन्हींच्या आधी एक कागद असतो. बायोडेटाला जोडलेलं एक पानाचं पत्र. हल्ली त्याला कव्हर लेटर म्हणतात, आम्ही नुसतं 'अर्ज' म्हणायचो. बायोडेटा सांगतो की या माणसाने आजवर काय केलं. पत्राने सांगायचं असतं की तो आमच्याच दारात का आला, आणि आल्यावर आमचं कुठलं दुखणं कमी करणार. बस्स, एवढंच. पण एवढंच लिहायचं म्हटलं की भल्याभल्यांची बोबडी वळते. एरवी चहाच्या टपरीवर अर्धा तास स्वतःबद्दल सांगणारा माणूस कागदावर आला की 'सेवेशी सविनय सादर' होतो आणि पुढे गप्प.

आमच्या भागात एक टायपिंगचं दुकान होतं. तिथे सगळ्यांना एकच अर्ज मिळायचा, नाव तेवढं बदलून. दुकानदार घाईचा माणूस. त्याच्या कृपेने एकदा एकोणीस वर्षांच्या मुलीचा अर्ज आला, त्यात तिला एक पत्नी आणि दोन अपत्ये होती, आणि त्यांच्या पालनपोषणासाठी तिला रिसेप्शनिस्टची नोकरी हवी होती. मी तिला मुलाखतीला बोलावलं ते निव्वळ बघायला. पोरगी हुशार निघाली. अर्ज वाचून दाखवला तर ती खो खो हसली आणि म्हणाली, "मॅडम, मुलं माझ्यावर गेलीयेत का तेवढं विचारू नका." तिला घेतलं. पुढे कित्येक वर्षं फोनवर चिडलेल्या गिऱ्हाइकांना ती तशीच हसवायची.

दुसरा प्रकार रडगाण्याचा. आई आजारी, बहिणीचं लग्न, डोक्यावर छप्पर नाही, तरी दया करावी. हे सगळं खरं असायचं, म्हणून जास्त त्रास व्हायचा. मी दगड नव्हते. पण रिॲक्टर चालवायला दया उपयोगी पडत नाही, आणि आमच्या साहेबांना तर पहिल्या दोन ओळींत 'दया' शब्द दिसला की ते कागद उलटा ठेवायचे. मला त्यातल्या काहींची अजून आठवण येते. चांगले हात असतील त्यांच्याकडे, पण पत्रात हातांबद्दल एक अक्षर नव्हतं.

आताची तऱ्हा वेगळी आहे. आता पत्र मोबाईल लिहून देतो. परवा एक मुलगा फोर्कलिफ्ट चालवण्याच्या जागेसाठी पत्र घेऊन आला, त्यात लिहिलं होतं, 'आपल्या नामांकित संस्थेच्या ध्येयदृष्टीशी माझी मूल्ये घट्ट जुळतात.' मी विचारलं, "बाळा, ध्येयदृष्टी म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "मला नाही माहीत, पण मोबाईलला माहितीये." मी म्हटलं, "मग फोर्कलिफ्टवर मोबाईललाच बसव." बिचारा हिरमुसला. मग आम्ही दोघांनी बसून त्याने कुठल्या गोदामात किती उंचीवर माल लावलाय ते लिहिलं, आणि पत्र एकदम माणसात आलं.

हे 'परवा' म्हणजे कुठे, ते सांगायला हवं. आम्ही मूळचे खेडकडचे. आमच्या गावच्या लोकांचं इथे मंडळ आहे, आणि जुईनगरला विहाराच्या बाजूच्या खोलीत मंडळाने पोरांसाठी अभ्यासिका काढली आहे. निवृत्त झाल्यावर मी घरी बसून सुनेच्या फोडण्यांना नावं ठेवायला लागले, तेव्हा मुलानेच मला तिकडे पिटाळलं. दर रविवारी सकाळी मी तिथे बसते. नोकरीच्या पत्राचं काम असेल त्याने यावं, जातपात, गाव, वय काही विचारत नाही. पैसे घेत नाही, म्हणून बोलायला मोकळी असते.

तिथेच विशाल सोनकांबळे आला होता, फार वर्षांपूर्वी नाही. नांदेडकडचा मुलगा, शांत, कामसू. त्याचं पत्र आम्ही मिळून लिहिलं आणि तो विमानतळाच्या बाजूला उलव्याकडे निघालेल्या एका मोठ्या गोदामात लागला. राहायला बोनकोड्यात. कोपरखैरण्यात जो जुना गाव उरलाय, सेक्टरांच्या मध्ये अडकलेला, तो बोनकोडे. शेती आणि मिठागरं गेली, त्या जागी शहर आलं, आणि गावातल्या घरांवर मजले चढले. एकेका आगरी कुटुंबाची चार-चार मजल्यांची इमारत, आणि खोल्याखोल्यांतून आमच्यासारखे बाहेरून आलेले भाडेकरू.

तर एका रविवारी विशाल धापा टाकत आला. मागे एक धिप्पाड, सावळा माणूस, पन्नाशीच्या अलीकडचा, पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात जाड साखळी, आणि चेहरा मात्र परीक्षेला आलेल्या पोराचा.

"मॅडम, हे आमचे घरमालक, हरेश्वर म्हात्रे," विशाल म्हणाला. "आमच्या गोदामात देखभालीला सुपरवायझर पाहिजे. मी सहज बोललो, तर काकांनी अर्जच लिहिला. तो तुम्ही एकदा वाचा. हा असा गेला, तर माझी एकतर नोकरी जाईल नाहीतर खोली."

मी वाचला. मी आयुष्यात ढिगाने अर्ज वाचलेत, पण असा नाही. सुरुवातीला त्यांच्या इमारतीचं वर्णन होतं, संगमरवरी जिन्यासकट. मग शहरासाठी आपली जमीन गेली त्याचा उल्लेख. मग हे वाक्य: 'आपल्या कंपनीतील तीन माणसे माझ्याकडे भाड्याने राहतात, माझ्याबद्दल त्यांना विचारावे.' आणि शेवटी ठळक अक्षरांत: 'मला पगाराची अपेक्षा नाही.'

"हे तीन माणसांचं कशाला लिहिलंत?" मी विचारलं.

"मंग? वलख नको द्यायला?" म्हात्रे म्हणाले. "मानसं सांगतील ना, मालक चांगला हाय. कंदी कुनाला तरास दिला नाय."

"वाचणाऱ्याला काय वाटेल माहितीये? तुम्ही धमकी देताय. नोकरी द्या, नाहीतर तुमची माणसं रस्त्यावर."

म्हात्र्यांनी कपाळावर हात मारला. "आयला! ह्यो तर इचारच नाय केला मी." आणि विशालकडे वळून म्हणाले, "तू बोलायचं नाय का रं?" विशाल काय बोलणार! भाडेकरूने मालकाला त्याच्या अर्जातल्या चुका दाखवायच्या म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटाच ती.

ही चूक गावठाणातला मालकच करू जाणे. त्यांच्या हिशेबी भाडेकरू म्हणजे घरचीच माणसं, आणि घरच्या माणसांची साक्ष म्हणजे मोठी साक्ष. त्यात वाईट काही नव्हतं. पण कंपनीचा कागद हे काही जाणत नाही. आणि पगाराची अपेक्षा नाही, हे त्याहून वाईट. फुकट येतो म्हणणाऱ्या माणसाला कार्मिक खातं सगळ्यात जास्त घाबरतं. जो पगार मागत नाही तो उद्या मनात आलं तर येईल, नाही आलं तर नाही. त्याला बोलायची सोय नाही. शिवाय तो दुसरंच काही मागायला आलेला असतो.

"पगार का नको?" मी म्हटलं.

"खोल्यांचा भाडा येतो ना मॅडम. देवाच्या दयेनं कमी नाय काय."

"मग नोकरी कशाला?"

म्हात्र्यांनी विशालकडे बघितलं. विशालने ओळखलं, तो बाहेर चहा सांगायला गेला. मग म्हात्रे टेबलाकडे बघत बोलायला लागले, आणि त्यांची बोली आणखी गावातली झाली.

"भाऊस व्हता माझा, मोठा. मिठागर गेला, पैसा आला, खोल्या बांधल्या. कामच उरला नाय. तो बसून बसून गेला, मॅडम. पिऊन गेला असं लोकं बोलतात, पन आदी तो बसला, मंग प्यायला. मी पन त्याच वाटंवर. आठेक महिने झाले, मी हात नाय लावला. पन सकालचा पानी सोडला, जिना झाडून घेतला, का अकराला सगला खलास. खाली गल्लीत खुर्च्या मांडलेल्या असतात. हाका मारतात. मी कवर नाय बोलू? मना अकरा ते पाच कुनीतरी बांधून ठेवा."

"घरी कोण असतं?"

"बायको. सुरेखा. आदी भांडायची, शिव्या घालायची, माझी बाटली मोरीत वतायची. आता काय बोलतच नाय. भाऊस गेला तवापासून माझ्याकडं बगते न गप बसते. ती भांडत होती तवा बरा होता."

मला वाईट वाटलं. सरळ सांगते, फार वाईट वाटलं. पण माझ्या आत जी कार्मिक अधिकारी अजून खुर्ची धरून बसली आहे, तिने लगेच शेरा मारला: व्यसनी, आठ महिने, धोका. तुमच्यापैकी ज्यांनी हे काम केलंय त्यांना हे समजेल. सहानुभूती एका खिशात आणि शेरा दुसऱ्यात, आणि दोन्ही एकाच वेळी.

आता या धंद्यातली एक गोष्ट सांगते, जी पुस्तकांत 'प्रभावी पत्र कसे लिहावे' अशा प्रकरणात मिळत नाही. पत्रात खोटं लिहायचं नाही, कारण ते मुलाखतीत पकडलं जातं. आणि सगळं खरंही लिहायचं नाही, कारण पत्र म्हणजे कबुलीजबाब नव्हे. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची असते. म्हात्र्यांना नोकरी का हवी होती, ते पत्रात लिहिण्यासारखं नव्हतं. मग लिहायचं काय? तर त्यांना काय येतं, ते.

"मना काय येतं?" म्हात्रे म्हणाले. "दहावी नापास. भाडा घ्यायला येतो."

"दिवसभर काय करता ते सांगा. सकाळपासून."

मग ते सांगायला लागले आणि मी लिहायला लागले. पंप कधी चालू, कधी बंद. टाकी धुण्याचा वार. लिफ्टवाल्याशी भांडण करून त्याच्याकडून वेळेवर ऑइलिंग करून घेणं. नवीन भाडेकरू आला की त्याची पोलीस ठाण्यात नोंद. कुणाची पाळी कुठली, कोण दिवसा झोपतो, कुणाच्या खोलीत लहान मूल आहे. विजेचा फेज गेला तर आधी काय बंद करायचं. दोन भाडेकरणींची नळावर भांडणं झाली तर कुणाला आधी चहा पाजायचा. ते सांगताना कंटाळले होते, कारण त्यांच्या मते हे काम नव्हतंच.

"कधी काही मोठं घडलं इमारतीत? अपघात, आग?"

"मीटरची पेटी पेटली व्हती ना एकदा. ते काय विशेष नाय."

"सांगा तरी."

"धूर आला, मी मेन पाडला. सगल्यांना खाली काढला. खाली उभं करून बघतोय तर तिसऱ्या माल्यावरचा पोऱ्या नाय. तो नाईटवाला. दिवसाचा झोपलेला असनार. मंग वर जाऊन दार तोडला न त्याला उचलून आनला. दरवाजाचा खर्च माझ्याच अंगावर." हे शेवटचं ते जरा तक्रारीच्या सुरात बोलले.

मी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं ज्या ओळीची मी ढिगांतून वाट बघायचे, ती ही. गोदामाला देखभालीचा माणूस कशाला हवा असतो? यासाठीच. म्हात्रे मात्र तयार होईनात. "ती काय नोकरी व्हती? आपला घर व्हता. आपल्या घरातून मानसं काढली तर तेचा अर्ज करायचा? लोकं हसतील." त्यावर अर्धा तास वाद झाला. विशाल चहा घेऊन आला आणि त्याने तोंड उघडलं, "काका, तो झोपलेला पोरगा माझ्या कंपनीतलाच होता. तो अजून सगळ्यांना सांगतो." तेव्हा कुठे म्हात्रे नरमले.

पत्र इंग्रजीतून गेलं. मराठीत त्याचा मजकूर साधारण असा होता:

'आपल्या गोदामात देखभाल सुपरवायझरची जागा असल्याचं मला श्री. विशाल सोनकांबळे यांच्याकडून कळलं. ते आपल्याकडे काम करतात आणि माझ्या इमारतीत भाड्याने राहतात. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे कुणाच्या मनात शंका नको. माझ्या निवडीशी त्यांचा संबंध नसावा अशी विनंती आहे. मी कधी नोकरी केलेली नाही. माझी चार मजली इमारत मी स्वतः सांभाळतो: पाणी, वीज, लिफ्ट, सुरक्षा, भाडेकरूंची नोंद आणि त्यांच्या तक्रारी. एकदा मीटरला आग लागली तेव्हा वीज बंद करून मी सर्वांना बाहेर काढलं. कोण खाली आलेलं नाही ते मला लगेच कळलं, कारण कोण कुठे आणि कधी झोपतो हे मला माहीत होतं. आपल्या गोदामाची मी अशीच माहिती करून घेईन. नियमाप्रमाणे जो पगार असेल तो मला मान्य आहे. मी लगेच कामावर येऊ शकतो.'

भाडेकरूंचं वाक्य काढलं नाही, बघा. तेच वाक्य तोंड फिरवून ठेवलं. आधी त्यात धमकी होती, आता सचोटी आली. विशालने आपल्या साहेबांना आधी सांगून ठेवलं, हे माझ्या अटीवर. म्हात्र्यांनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "ह्यो मानूस मना पन आवडला."

मुलाखतीची तयारी करून घेतली. मला माहीत होतं काय विचारणार. चार मजल्यांचा मालक समोर बसला की कुणीही विचारेल, तुम्हाला नोकरीची गरज काय? उत्तर पाठ करून घेतलं: मला कामाची सवय आहे, मोठ्या ठिकाणची जबाबदारी घ्यायची इच्छा आहे, घरचं काम पुढे पुतण्या बघेल. यात खोटं काही नव्हतं. म्हात्र्यांनी ते विहाराच्या अंगणात येरझाऱ्या घालत घोकलं. साखळी काढून ठेवा, एवढं बजावून मी त्यांना पाठवलं.

पुढच्या रविवारी ते आले ते मान खाली घालून.

"मॅडम, तुमचा पाठ केलेला इसरलो."

"म्हणजे? काय सांगितलंत?"

"साहेबानं इचारला, म्हात्रे, तुम्हाला गरज काय. दोन साहेब व्हते न एक बाई. मी तोंड उघडलं आनि सगला आतून आला. बोललो, साहेब, मी पीत व्हतो. आठ महिने नाय पीत. माझा भाऊस बसून मेला. मना बसायचा नाय. कामाला लावा."

मी डोक्याला हात लावला. "अहो म्हात्रे! कुणी सांगितलं होतं तुम्हाला? इतकी मेहनत केली पत्रावर, आणि तुम्ही एका वाक्यात घालवलीत ना सगळी!"

"ती बाई चांगली बघत व्हती माझ्याकडं. तिच्याशी खोटा नाय बोलवला."

"खोटं नव्हतंच ते!" मी चिडलेच होते. कारण मला नेमकं माहीत होतं, त्या टेबलापलीकडे मी असते तर काय केलं असतं. मी छान हसले असते, चहा मागवला असता, 'कळवतो' म्हटलं असतं आणि म्हात्र्यांचा कागद दोरीखाली घातला असता. वाईट माणूस म्हणून नाही. गोदामात पेट घेणारी चीज असते, आणि नेमलेला माणूस पिऊन पडला तर विचारणा मला होते, म्हणून. असे कितीतरी खरं बोलणारे मी आयुष्यात दोरीखाली घातले असतील. त्यांची गणती मी ठेवली नाही. ठेवली असती तर बहुतेक झोप लागली नसती.

पण ती बाई माझ्यासारखी नव्हती. किंवा तिची अडचण मोठी होती, मला नक्की सांगता येणार नाही. तिचा फोन आला: दिवसाची जागा भरली, रात्रपाळीची आहे, तिथे कुणी टिकत नाही, येता का? आल्यावर रोज गेटवर तपासणी होईल, तोंडाला नळी लावून फुंकायला लागेल, चालेल का?

म्हात्रे हो म्हणून मोकळे झाले आणि मग मला सांगायला आले. मी म्हटलं, "अहो, कशाला घेतलीत? तुम्हाला अकरा ते पाच बांधून हवं होतं. रात्रभर तिकडे जाल, आणि दिवस अख्खा मोकळा. त्या खुर्च्या तशाच तिथे. दमून आलेल्या माणसाला तर आणखीच हाका मारतील. नाही म्हणून कळवा, दुसरी बघू."

"दुसरी कोन देनार, मॅडम?" ते म्हणाले. पत्र मी लिहून दिलं होतं, पण दुसरा कुणी त्या मुलाखतीनंतर त्यांना घेईल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.

ते कामावर लागले. मग अभ्यासिकेत यायचे बंद झाले. विशालला विचारलं तर तो म्हणाला, त्याची बदली दिवसपाळीला झाली आहे आणि खोलीही त्याने उलव्यात घेतली आहे, आता काकांची गाठ पडत नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. निवृत्त माणसाला दुसरं काम नसतं, ते मग अशा गोष्टी उगाळत बसतं. नोकरी सुटली असेल का? सुटली तर कशामुळे? रात्रपाळी घेऊ नका असं मी सांगितलं होतंच की, असंही मनात आलं, आणि हे मनात आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

शेवटी एका दुपारी मी रिक्षा केली आणि बोनकोड्याला गेले. एक वाजला असेल. गल्लीच्या तोंडाशीच त्या खुर्च्या होत्या, प्लास्टिकच्या, लाल. चार-पाच माणसं, पत्ते, स्टीलचे ग्लास, एका ताटलीत तळलेले बोंबील. मी डोकी मोजावीत तसं एकेका तोंडाकडे बघत गेले. म्हात्रे त्यात नव्हते. पण एवढ्याने समाधान व्हायला मी काल नोकरीला लागलेली नव्हते. मी जिना चढून वर गेले. संगमरवरी होता खरा.

दार एका बाईने उघडलं. सडपातळ, केसांत पांढरी बट, ओढलेला चेहरा. सुरेखाच असणार. मी नाव सांगितलं, जुईनगरहून आले म्हटलं. तिने माझ्याकडे नीट बघितलं, मग ओठांवर बोट ठेवलं आणि दार बाहेरून ओढून घेतलं. आम्ही दोघी जिन्यातच उभ्या राहिलो. आतून घोरण्याचा आवाज येत होता, भला मोठा, आडव्या पडलेल्या दमलेल्या माणसाचा.

"बरे आहेत ना?" मी हळूच विचारलं.

"सकाली येतात, जेवतात आणि पडतात," ती म्हणाली. "संध्याकाली उठवते मी."

एवढ्यात खालून हाक आली. "हरेश! ए हरेश! ये रं खाली, किती झोपतस!" पाठोपाठ हसण्याचा आवाज.

सुरेखा जिन्यालगतच्या गॅलरीच्या कठड्याशी गेली. पदर खोचला आणि वाकून खाली बघितलं. आवाज तिने दाबलेलाच ठेवला होता, पण तो खालपर्यंत गेला.

"ओ भावजी, बोंबलू नका. मानूस ड्युटीवरून आलाय माझा. कुनी हाक मारली तर बादली वतीन वरून."

खालून पत्ते पिसल्याचा तेवढा आवाज आला. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "चहा टाकते, पन आत भांड्यांचा आवाज व्हईल."

मी नको म्हटलं. चपला हातात घेतल्या आणि अनवाणी जिना उतरून आले.